सुटणं

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
फेरो बेटांवर बत्तीस वर्षं मी घरोघर जाते,
वजनकाटा पिशवीत, पिशवी फेरीबोटीत,
आणि मला आधी दिसतात ते डोळे.
पाय मोज्यांत असतात.
इथल्या थंडीत ते काढायला कोण धजतं?

मार्युनची जुळी. पहिल्या भेटीत नऊ दिवसांची.
किटली शिट्टी मारू लागली
तसा ऐयुन सगळाच्या सगळा दचकला,
हात फाकून, कुणी कड्यावरून सोडल्यासारखा.
रान्वा त्याच्या शेजारीच. तिनं
आपली जांभई सावकाश पुरी केली.
मी वहीत लिहिलं: मुलगा चिडका, मुलगी शांत.
शाई वाळायच्या आत वाटलं,
फार लवकर लिहिलं.

दोन महिन्यांनी मार्युनचा फोन.
'हा खिडकीकडे बघतो आणि रडतो.
बघायचं थांबत नाही, रडायचंही नाही.
हट्टी आहे, हानुससारखा.'
हानुस तेव्हा बोटीवर, उत्तरेकडे कुठंतरी.
मी गेले. नोव्हेंबर, दुपारीच दिवस विझत आलेला.
खिडकीच्या काळ्या पट्ट्या, मागं करडं आभाळ,
काळं, करडं, काळं, करडं,
आणि त्यात रुतलेले दोन डोळे.

हट्ट नव्हे हा, मी म्हटलं.
पकड आधी येते. सोडणं मागाहून.
गळ खडकात अडकलाय
आणि दोर ओढून घेणारा हात
त्याला अजून फुटायचाय.

मी मध्ये माझा तळवा धरला.
रडणं थांबलं, इतकं चटकन
की मार्युन हसली,
आणि मग तिलाच रडू आलं.

पुढं ते सुटतं. चौथ्या महिन्याच्या आसपास,
कुणी शिकवत नाही.
एका सकाळी लाल लोकरीच्या गुंड्यावरून
नजर उठते, आईपर्यंत येते,
गुंड्याकडे परत जाते,
निघतो-निघतो म्हणत
उंबऱ्यात घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखी.

आणि रान्वा, माझ्या वहीतली शांत मुलगी,
नवव्या महिन्यात मला बघून किंचाळली.
माझा पिवळा रेनकोट असेल, किंवा मीच.
आईच्या स्वेटरमध्ये तोंड खुपसलं,
एक डोळा तेवढा बाहेर ठेवला.
त्या एका डोळ्यानं तिनं मला
वीस मिनिटं तोललं.
काट्यावर त्या दिवशी मी होते.
मी हलले नाही.

दचकरा ऐयुन तोवर रांगत आला
थेट माझ्या पिशवीच्या चेनशी.
उघडेना. ओरडला. थांबला.
माझ्या तोंडाकडे बघितलं, मग चेनकडे,
पुन्हा तोंडाकडे: हे तुझंच ना?

स्वभावाला औषध नाही.
माझ्या पिशवीत तरी नाही;
काटा, फीत, ड जीवनसत्त्वाचे थेंब, बस.
वाऱ्यालाही इथं औषध नाही.
माणसं छपरावर गवत लावतात,
दार आडोशाच्या बाजूला काढतात,
आणि राहतात.

मी वळून बघितलं तर मार्युन खिडकीशी.
बोट चार दिवस उशिरा होती,
असं तिनं आधी सहज सांगितलेलं,
चहा ओतता ओतता.
आता चहावर साय धरलेली,
रान्वा कडेवर, विसरल्यासारखी,
आणि डोळे त्याच पट्ट्यांमधून
खाडीच्या तोंडावर रुतलेले.
मी हाक मारली. ऐकू गेली नाही.

ऐयुन तिच्या पायाला धरून उभा राहिला,
डुगडुगत. हात वर केला.
खिडकी फार उंच.
तळवा तिच्या गुडघ्यावर आपटला,
एकदा, दोनदा.
तिसऱ्यांदा तिनं खाली बघितलं.

फेरी सुटायला सहा मिनिटं होती.
वहीतले ते दोन शब्द खोडावेत म्हणून
मी पेन शोधत होते.
पेन त्याच्या मुठीत.
पकड अशी
की निघता निघेना.